बोट किती, स्प्रिंग किती

१९८५ च्या उन्हाळ्यात जपानमधल्या हडसन सॉफ्ट या व्हिडिओगेम कंपनीनं गावोगाव फिरणारी एक स्पर्धा सुरू केली. तिचं नाव ‘कॅरव्हान’. खेळ होता ‘स्टार फोर्स’: खाली आपलं यान, वरून झेपावणारे शत्रू, आणि बटणावर जितक्या वेळा बोट पडेल तितक्या गोळ्या. स्पर्धेचा चेहरा होता कंपनीच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा तोशियुकी ताकाहाशी. पोरं त्याला ‘ताकाहाशी मेइजिन’ म्हणायची, म्हणजे उस्ताद ताकाहाशी. उस्तादांची सगळी कीर्ती एका आकड्यावर उभी होती: सेकंदाला सोळा गोळ्या. पुढच्याच वर्षी कंपनीनं त्याला नायक करून अख्खा गेम काढला आणि १९८७ मध्ये ‘शूटिंग वॉच’ नावाचं खिशात मावणारं यंत्र बाजारात आणलं. दहा सेकंदांत तुम्ही बटण किती वेळा दाबलं, ते या यंत्रावर दिसायचं. आज ब्राउझरमध्ये उघडल्या जाणाऱ्या क्लिक-टेस्टचा हा खरा पूर्वज.

कीर्ती आली की तिच्या पाठोपाठ कुजबुजही येते. जपानभरच्या शाळांमध्ये अफवा पसरली की ताकाहाशीला पोलिसांनी धरलं. का, तर त्याच्या कंट्रोलरच्या बटणाखाली म्हणे स्प्रिंग बसवलेली होती आणि सोळाचा आकडा त्या स्प्रिंगचा होता. प्रत्यक्षात तो पोलीस ठाण्यात गेला होता तो पाहुणा म्हणून. जपानमध्ये प्रसिद्ध माणसाला एका दिवसापुरता मानाचा ठाणेदार करण्याची पद्धत आहे, तसा त्याला केला होता. पोरांनी ‘उस्ताद’ आणि ‘पोलीस’ एवढेच दोन शब्द ऐकले आणि मधली गोष्ट स्वतः रचली.

अफवा खोटी असली तरी तिच्यातली शंका अगदीच पोरकट नव्हती. त्याआधी दोनच वर्षं, १९८३ मध्ये, कोनामी कंपनीचा मैदानी खेळांचा एक गेम आर्केडमध्ये आला होता. जपानमध्ये त्याचं नाव ‘हायपर ऑलिंपिक’, बाहेर ‘ट्रॅक अँड फील्ड’. धावपटूला पळवायचं तर बटणं बडवत राहायची, जितकी जोरात बडवाल तितका तो पळणार. काही दिवसांतच खेळाडू खिशातून स्टीलची पट्टी आणायला लागले. पट्टीचं एक टोक घट्ट धरायचं, दुसरं टोक बटणावर ठेवायचं आणि पट्टीला टिचकी मारायची. पट्टी थरथरते आणि तिच्या प्रत्येक थरथरीला बटण दाबलं जातं. पडद्यावरचा धावपटू वाऱ्यासारखा सुटायचा. पळवत कोण होतं? स्टीलची लवचीकता.

माउसवरच्या वेगवान क्लिकिंगकडेही याच नजरेनं पाहायला हवं. ‘सीपीएस’, म्हणजे सेकंदाला किती क्लिक, हा आकडा गेमर मंडळी आपल्या बोटाची कमाई म्हणून मिरवतात. त्यात बोटाचा वाटा किती, माउसच्या आतल्या पात्याचा किती आणि मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा किती, हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं.

आधी बोट. गंमत अशी की बोटात स्नायू जवळपास नसतातच. डाव्या हातानं उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी तर्जनी टेबलावर भराभर आपटा. हालचाल कोपराजवळ जाणवेल. बोट वाकवणारे आणि उचलणारे मुख्य स्नायू तिथं आहेत. तिथून निघालेल्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत येतात, आणि स्नायू त्या लांबून ओढतात. एक क्लिक म्हणजे दोन कामं: एका गटानं बोट खाली ओढायचं, मग त्यानं ढिलं व्हायचं आणि विरुद्ध गटानं ते वर घ्यायचं. मेंदूपासून बोटापर्यंत निरोप यायला सेकंदाचे काही शंभरांश पुरतात. घोडं अडतं ते पुढं. ताणलेला स्नायू ढिला व्हायला वेळ घेतो, आणि तो पुरता ढिला व्हायच्या आत दुसऱ्यानं खेचायला सुरुवात केली की दोघं एकमेकांना अडवू लागतात. वेग वाढवायच्या हट्टात हात लाकडासारखा कडक होतो, तो यामुळे.

बोटाचा वेग मोजायची कल्पना गेमिंगवाल्यांची नाही. मज्जाविकारांच्या तपासणीत ती फार आधीपासून आहे. अमेरिकेत वॉर्ड हॉलस्टेड या मानसशास्त्रज्ञानं आणि पुढं त्याचा विद्यार्थी राल्फ राइटन यानं मेंदूला झालेली इजा ओळखण्यासाठी चाचण्यांचा एक संच तयार केला. त्यातली एक चाचणी निव्वळ बोट आपटण्याची. फळीवर एक खटका आणि त्याला जोडलेला आकडेमोजा. हात फळीवर टेकवून फक्त तर्जनीनं दहा सेकंद खटका दाबत राहायचं. मग थोडी विश्रांती आणि पुन्हा तेच. एकमेकांच्या जवळ येणाऱ्या पाच फेऱ्या मिळाल्या की त्यांची सरासरी काढायची. दोन्ही हातांच्या आकड्यांत वाजवीपेक्षा जास्त तफावत दिसली तर मेंदूच्या कुठल्या बाजूला बिघाड असावा याचा डॉक्टरांना अंदाज येतो. धडधाकट प्रौढ माणसाचा सरावाच्या हाताचा आकडा दहा सेकंदांत पन्नासच्या आसपास भरतो, म्हणजे सेकंदाला पाच. माउसचं बटण त्या खटक्यापेक्षा हलकं असतं आणि त्याला खाली जायला अंतरही कमी लागतं, त्यामुळे माउसवर बहुतेकांचे सहा-सात क्लिक होतात. सराव केला तर आठ, नऊ. दहाच्या पुढं साध्या पद्धतीनं टिकून राहणारे विरळा.

इथून पुढच्या सगळ्या युक्त्या या भिंतीला वळसा घालण्याच्या आहेत.

पहिली ‘जिटर क्लिकिंग’. यात बोटाला वर-खाली करायचा निरोप द्यायचाच नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आवळायचा, इतका की तो आपोआप थरथरू लागेल, आणि ती थरथर तर्जनीवाटे बटणात उतरवायची. प्रत्येक माणसाच्या हाताला एक सूक्ष्म कंप असतोच. हात लांब करून बोटांवर कागद ठेवला की कागदाची कड हलताना दिसते. निरोगी माणसात हा कंप सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा होतो. स्नायू आवळले, थकले किंवा माणूस घाबरला की तो मोठा होतो. जिटर करणारे दहा ते चौदाच्या घरात पोचतात, ते या कंपाला कामाला लावून. पण आवळलेल्या हातानं नेम कसा धरणार? पडद्यावरचा बाण बोटासोबत थरथरतो. क्लिक वाढले आणि निशाणा गेला, असा हा सौदा आहे.

दुसरी ‘बटरफ्लाय’. एकाच बटणावर तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं आपटायची. प्रत्येक बोटाला सावरायला दुप्पट वेळ मिळतो आणि बटणाला मात्र उसंत मिळत नाही. तबला वाजवणाऱ्याला हे शिकवायला नको. ‘तिरकिट’ द्रुत लयीत वाजतो तो एका बोटाच्या बळावर नव्हेच, बोटांच्या वाटणीवर. साध्या हिशेबानं दोन बोटांचे सात-सात धरले तर चौदा व्हायला हवेत. पण बटरफ्लायवाले सर्रास वीस, क्वचित पंचवीस दाखवतात. चौदाचे वीस झाले कुठून? वरचे सहा बोटांचे नाहीत. ते कुठून आले हे कळायला माउस उघडावा लागतो.

माउसच्या बटणाखाली साखरेच्या खड्याएवढी एक काळी डबी असते. तिला मायक्रोस्विच म्हणतात. ही युक्ती अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली आणि आजही तीच चालते. डबीत तांब्याच्या मिश्रधातूचं एक पातळ, किंचित वाकवून ताणलेलं पातं असतं. वरून दाब आला की ते थोडा वेळ सहन करतं आणि एका ठरावीक बिंदूपलीकडे एकदम उलटून खालच्या संपर्कबिंदूवर आदळतं. ‘टिक’ आवाज येतो तो त्याचा. पातं उलटतं ते स्वतःच्या ताणानं, त्यामुळे बोट हळू दाबा की जोरात, ते पडायचं तेवढ्याच झटक्यानं पडतं. दाब काढला की तसंच उलटून वर जातं.

आता कुठलीही धातूची वस्तू धातूवर आदळली की एकदम स्थिर होत नाही, थोडी उसळते. पातंही उसळतं. संपर्क जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं. माणसाला एकच ‘टिक’ ऐकू येतो. माउसमधली चिप मात्र इतकी चपळ असते की तिला त्या एका दाबात चार-पाच दाब दिसतात. म्हणून माउस बनवणारे चिपला शिकवून ठेवतात की एक दाब नोंदवला की पुढचे काही मिलिसेकंद डोळे मिटून घे. या डोळे मिटण्याला ‘डिबाउन्स’ म्हणतात. वेळ जास्त ठेवली तर खरे क्लिक उशिरा पोचतात किंवा गळतात. कमी ठेवली तर पात्याची उसळीही क्लिक म्हणून नोंदली जाते.

बटरफ्लायमधले वरचे सहा क्लिक या फटीतून येतात. एक बोट अजून पुरतं उठलेलं नसताना दुसरं आदळतं, पातं अर्धवट अवस्थेत हिसके खातं, आणि डिबाउन्स कमी ठेवलेला माउस एका आघाताचे दोन क्लिक करून पाठवतो. याच कारणानं गेमर कुठल्याही माउसवर समाधानी नसतात. ज्या मॉडेलच्या सेटिंगमध्ये डिबाउन्सचे मिलिसेकंद आपल्या हातानं कमी करता येतात, त्याला भाव. घरातला माउस जुना झाला आणि एका क्लिकला फोल्डर दोनदा उघडू लागला की आपण तो दुरुस्तीला नेतो. अगदी तोच बिघाड नव्या माउसमध्ये मिळावा म्हणून काही मंडळी जादा पैसे मोजतात.

तिसऱ्या युक्तीत बोटाचा वाटा आणखी कमी होतो. तिला ‘ड्रॅग क्लिकिंग’ म्हणतात, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. बटणावर आधी खरखरीत चिकटपट्टी लावतात. बोट कोरडं हवं, घामट किंवा तेलकट चालत नाही. बोटाचा गर बटणाच्या मागच्या बाजूला अलगद टेकवायचा, पातं उलटेल-न-उलटेल एवढाच दाब द्यायचा आणि बोट पुढच्या टोकाकडे घासत न्यायचं. घासताना बोट सरळ सरकत नाही. घर्षणानं चिकटतं, ताण वाढला की सुटतं, लगेच पुन्हा चिकटतं. हे चिकटणं-सुटणं इतकं भराभर होतं की बटण त्याच लयीत थरथरतं आणि माउसमधून ‘टर्रर्र’ असा लांबलचक आवाज निघतो. एका घासणीत वीस-तीस क्लिक, सेकंदाचा हिशेब केला तर चाळीस, पन्नास, कधी त्याहूनही जास्त. बोटानं केलेली हालचाल एकच. बाकी सगळं घर्षणाचं आणि पात्याचं. कोनामीच्या आर्केडमधली स्टीलची पट्टी माउसच्या पोटात शिरली, एवढाच फरक.

या प्रकाराची किंमत पात्याला मोजावी लागते. चांगल्या स्विचवर दोन कोटी क्लिकचं आयुष्य लिहिलेलं असतं. ऐकायला अमाप वाटतं. पण सेकंदाला दहाच्या वेगानं ते वीस लाख सेकंद, म्हणजे सुमारे साडेपाचशे तास पुरतं. रोज दोन तास खेळणाऱ्याला नऊ महिने. सेकंदाला चाळीसच्या वेगानं घासत राहिलं तर एकशे चाळीस तासांतच कोटा संपला. वॉरंटीच्या कागदावर माउस काय कामासाठी वापरला हे विचारायची सोय अजून तरी नाही.

एवढा आटापिटा कशासाठी? बहुतेक गेममध्ये त्याचा काहीच उपयोग नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या गोळीबाराच्या खेळात बंदुकीचा वेग गेमनंच ठरवलेला असतो. रायफल दाबून धरायची असते, तिथं कौशल्य नेमाचं. सीपीएसचं वेड वाढलं ते ‘माइनक्राफ्ट’मुळे, आणि तेही त्यातल्या खेळाडू-विरुद्ध-खेळाडू लढतींमुळे. या गेमचं घड्याळ सेकंदाला वीस ठोके देतं, त्याला टिक म्हणतात. एखाद्यावर वार बसला की पुढचे दहा टिक, म्हणजे अर्धा सेकंद, तेवढ्याच ताकदीचा दुसरा वार त्याला इजा करत नाही. मग सेकंदाला दोनाच्या वर क्लिक करून मिळतं काय? मिळतं ते एवढंच की तो अर्धा सेकंद नेमका ज्या क्षणी संपतो, त्या क्षणी तुमचा एक क्लिक हमखास हजर असतो. शिवाय समोरचा पळता-उडता आपल्या टप्प्यात येतो तो क्षण चुकत नाही. वार वाढत नाहीत, हुकणं कमी होतं. सहावरून दहावर गेल्यानं हा फायदा पुरेसा पदरात पडतो. वीसवरून तीसवर जाऊन त्यात काय भर पडते, हे मला तरी कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ड्रॅग क्लिकिंगचा खरा उपयोग उजव्या बटणाला आहे. माइनक्राफ्टमध्ये दरीवर पूल बांधत पळायचं असेल तर उजवं बटण दाबून धरलं की दर चार टिकला एक ठोकळा पडतो, सेकंदाला पाच. पण प्रत्येक वेगळा क्लिक ही वाट बघत नाही. म्हणून बटण घासून पळत्या पायांखाली ठोकळे अंथरता येतात. हवेत उलट्या पावलांनी पळणारा आणि खाली पडता पडता पूल तयार करणारा खेळाडू पाहायला मजा येते, हे मान्य करायलाच हवं.

२९ फेब्रुवारी २०१६ ला गेमची १.९ आवृत्ती आली आणि तिनं लढाईचं गणितच बदललं. प्रत्येक वारानंतर तलवार पुन्हा पूर्ण ताकदीला यायला वेळ लागू लागला: सुमारे सहा दशांश सेकंद. घाईनं मारलेले वार लुळे पडू लागले. कंपनीच्या दृष्टीनं ही लढाईत विचार आणायची सुधारणा होती, क्लिकवाल्यांच्या दृष्टीनं हा घात होता. अनेक सर्व्हर २०१४ च्या १.८ आवृत्तीवरच थांबले आणि आजही ती लढत जुन्याच नियमांनी खेळली जाते. जिटर, बटरफ्लाय, ड्रॅग या तिन्ही युक्त्या तिथं जिवंत आहेत.

आता मोजणीकडे. क्लिक-टेस्ट म्हणजे मोठा चौकोन, त्यावर क्लिक करत राहायचं आणि वेळ संपली की आकडा बघायचा. एवढं साधं दिसतं, पण यात खोडसाळपणाला भरपूर जागा आहे. बहुतेक टेस्टचं घड्याळ पहिल्या क्लिकला सुरू होतं, म्हणजे तो पहिला क्लिक फुकटात मिळाला. सेकंदाला सातच्या गतीनं बोट चालत असेल तर एका सेकंदाच्या टेस्टमध्ये आठ दिसू शकतात, दहा सेकंदांच्या टेस्टमध्ये सात पूर्णांक एक. शिवाय पहिल्या सेकंदाला हात ताजा असतो. मित्राला दाखवायचा आकडा नेहमी एक सेकंदाच्या टेस्टचा का असतो, ते यावरून कळावं. हॉलस्टेडनं दहा सेकंद ठरवले होते, हडसनच्या यंत्रानंही दहाच. तेवढ्या वेळात थकवा दिसू लागतो आणि एका क्लिकची चूक दशांशात जाते. मिनिटभराची टेस्ट वेगाची कमी आणि दमाची जास्त असते.

माउस आणि संगणक यांच्यामधलं बोलणंही मोजणीत उतरतं. साधा यूएसबी माउस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा आपली अवस्था सांगतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी. एक क्लिक ओळखायला बटण दाबलं आणि सोडलं अशा दोन बातम्या लागतात. त्यामुळे अशा माउसवर सेकंदाला बासष्टच्या वर क्लिक पोचूच शकत नाहीत, मग खाली काहीही घासा. गेमिंगचे माउस १,००० वेळा सांगतात, काही नवे ८,००० वेळा. सात क्लिकवाल्या बोटाला यातलं काहीही जाणवत नाही. याउलट शंभराच्या वरचे आकडे १२५ च्या माउसवर दाखवणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे कागद-पेन्सिलीनं सिद्ध होतं.

खरी चाचणी आकड्यात नसते, दोन क्लिकमधल्या अंतरांत असते. ही अंतरं नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम हाताशी असेल तर चोर लगेच सापडतो. सात सीपीएसच्या माणसाची अंतरं १४० मिलिसेकंदांच्या आसपास घुटमळतात: एक १२५, पुढचं १५२, मग १३८. माणूस नियमित राहूच शकत नाही. पात्याच्या उसळीतून आलेले क्लिक जोडीनं येतात: शंभराचं एक अंतर आणि त्याला चिकटून आठ-दहाचं एक. ड्रॅगमध्ये बारीक अंतरांची लांबच लांब रांग आणि मग बोट परत मागे आणायला लागणारा मोठा खंड. आणि ऑटोक्लिकर, म्हणजे बटण न दाबताच क्लिक पाठवणारा प्रोग्रॅम, सरळ रेघ काढतो: ८३, ८३, ८३. हुशार ऑटोक्लिकर मुद्दाम थोडे आकडे हलवतात, पण ते हलवणंही फार सफाईदार असतं. थकवा नसतो, चुकून झालेला लांबलचक थांबा नसतो. गेमच्या सर्व्हरवरचे पहारेकरी प्रोग्रॅम ही लक्षणं शोधत असतात. त्यात पंचाईत अशी की ड्रॅगवाला त्यांच्या नजरेत यंत्रासारखाच दिसतो. म्हणून कित्येक सर्व्हर एक कमाल मर्यादा ठरवून देतात आणि त्यावरचे क्लिक मोजतच नाहीत किंवा खेळाडूला सरळ बाहेर काढतात.

यंत्रासारखं वागायचा हट्ट शरीराला महाग पडतो, हे जगाला तारखात्यानं आधीच दाखवून दिलं होतं. मोर्सची कळ दिवसभर खालीवर करणाऱ्या तारमास्तरांचा हात आखडायचा, बोटं ऐकेनाशी व्हायची. ब्रिटननं १९०८ मध्ये या दुखण्याला भरपाईपात्र व्यवसायजन्य विकारांच्या यादीत घेतलं. अमेरिकेत होरेस मार्टिन या माणसानं त्याच सुमाराला ‘व्हायब्रोप्लेक्स’ नावाची कळ बनवली. अंगठ्यानं पाकळी एका बाजूला ढकलून धरली की वजन लावलेला एक स्प्रिंगदार दांडा थरथरू लागायचा आणि ठिपक्यांची माळ आपोआप सुटायची. म्हणजे १९०४-०५ च्या सुमारास, अधिकृतपणे विकला जाणारा ऑटोक्लिकर. तिथं तो फसवणूक ठरला नाही, कारण रोजच्या कामात तार पोचणं महत्त्वाचं होतं.

जिटरवाल्यांसाठी यात सरळ सूचना आहे. आवळलेला हात, मनगटावरचा दाब आणि तीच हालचाल हजारो वेळा: कंडरांना सूज यायला याहून वेगळं काही लागत नाही. हात दुखला तर थांबावं. बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा रात्री हात बधिर होऊन जाग आली तर गेमच्या सेटिंग बदलत बसू नये, डॉक्टरांना हात दाखवावा. ज्याला वेग वाढवायचाच आहे त्यानं साध्या क्लिकनं दहा सेकंदांच्या फेऱ्या कराव्यात, मध्ये हात मोकळा सोडावा आणि बोट बटणापासून कमीत कमी उचलायची सवय लावावी. सहाचे आठ यातून होतात, आणि मघाशी पाहिलं तसं माइनक्राफ्टला त्याहून फारसं जास्त लागत नाही.

बोट आणि यंत्र यांच्या वाटणीचं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र माउसवर घडलेलं नाही. ते घडलं १९८९ च्या निंटेंडोवरच्या ‘टेट्रिस’मध्ये. या गेममध्ये दिशेची कळ दाबून धरली की तुकडा एक घर सरकतो, मग सोळा फ्रेम थांबतो आणि त्यानंतर दर सहा फ्रेमला एक घर सरकत जातो. पडदा सेकंदाला साठ फ्रेम दाखवतो, म्हणजे सरकण्याचा वेग सेकंदाला दहा घरं. २९व्या लेव्हलला तुकडा दर फ्रेमला एक ओळ पडतो आणि वीस ओळींची विहीर सेकंदाच्या एक तृतीयांशात संपते. दाबून धरून कडेपर्यंत पोचताच येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं २९वी लेव्हल हा गेमचा शेवट मानला जायचा.

मग काहींनी कळ दाबून धरायचं सोडलं आणि अंगठा ताणून थरथरवत ती सेकंदाला दहाहून अधिक वेळा दाबायला सुरुवात केली. याला ‘हायपरटॅपिंग’ म्हणतात, आणि हे जिटरचंच भावंड. २०१८ मध्ये सोळा वर्षांच्या जोसेफ सेलीनं या पद्धतीनं सात वेळच्या विश्वविजेत्या जोनास न्यूबाउअरला अंतिम फेरीत हरवलं. नंतर क्रिस्टोफर मार्टिनेझ या खेळाडूनं ‘रोलिंग’ रुळवलं. यात अंगठा कळेवर नुसता टेकवून ठेवायचा, दाबायचा नाही. दुसऱ्या हाताची बोटं कंट्रोलरच्या पाठीवर एकामागून एक टकटकवायची. प्रत्येक टकटकीला अख्खा कंट्रोलर उचलला जातो आणि कळ स्वतःहून अंगठ्यावर येऊन आदळते. बोट बटणाकडे जात नाही, बटण बोटाकडे येतं. वेग सेकंदाला वीसच्या वर जातो, हात आखडत नाही, आणि एका टकटकीला एकच दाब नोंदला जातो. ड्रॅगमध्ये पात्याच्या उसळीनं चिपला फसवलेलं असतं, इथं कुणाला फसवलेलं नाही. माझ्या मते या दोघांत ‘सीपीएस’ या नावाला लायक रोलिंगच आहे.

२१ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात राहणारा, ‘ब्लू स्कूटी’ या नावानं खेळणारा तेरा वर्षांचा विलिस गिब्सन रोलिंगच्या जोरावर १५७व्या लेव्हलला पोचला आणि गेमच गोठला. मूळ गेमला माणसानं तिथवर नेल्याची ही पहिली वेळ. तोपर्यंत स्पर्धा भरवणाऱ्यांपुढं वेगळीच अडचण उभी राहिली होती: रोलिंग करणारे दोन चांगले खेळाडू समोरासमोर बसले की कुणीच हरेना, सामने संपेनात. त्याच वर्षी क्लासिक टेट्रिस जागतिक स्पर्धेनं गेममध्ये बदल करून घेतला. आता ३९व्या लेव्हलपासून तुकडा दर फ्रेमला दोन ओळी पडतो.